पाकिटातली तपकिरी गोळी

संपादक महोदय,

जुनीच औषधं आता चिवट जंतूंवर चालणार, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. मला नवल वाटलं नाही. असं एक औषध मी नोकरीभर स्वतःच्या हातानं वाटलं आहे.

क्लोफाझिमिन. कुष्ठरोगाच्या ‘एमबी’ (म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या रुग्णांच्या) पाकिटातली तपकिरी कॅप्सूल. तिनं कातडी तांबूस-काळी पडते आणि गावात रंगावरूनच रोग ओळखला जाई, म्हणून काही पेशंट नेमकी तीच काढून टाकायचे. घरोघर फिरून रिकामी पाकिटं मोजणं हे आमचं काम. (गोळी पोटात गेली की उकिरड्यावर, हे पाकीट सांगत नसे, ते आता बोलायला हरकत नाही.)

हे औषध मुळात कुष्ठरोगाचं नव्हेच. १९५४ साली डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूनं ते क्षयासाठी तयार केलं. उंदरांवर चाललं, गिनीपिगवर फसलं, बाजूला पडलं. मग कुष्ठरोगानं त्याला आसरा दिला. पुढे क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनात, तेव्हा बांगलादेशात एका सेवाभावी संस्थेच्या प्रकल्पात ते इतर औषधांच्या जोडीनं नऊ महिने दिलं गेलं. २०१० मध्ये निकाल छापून आला: दहातले जवळजवळ नऊ रुग्ण बरे. माझ्या भाचीला एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या, क्षयासाठी गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यातली ही मी लांबूनच ओळखली.

क्षयासाठी केलेलं औषध क्षयाच्या कामी यायला छप्पन्न वर्षं! माझ्या मते यात पैसाही आडवा आला. पेटंट सरलेल्या गोळीची चाचणी करून कोणत्या कंपनीला काय मिळणार?

ऑरानोफिनचं हेच होऊ नये. सोन्याचा अंश असलेली ही संधिवाताची गोळी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. प्रयोगशाळेत ती औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू मारते. कफ पातळ करणारं अ‍ॅसिटिलसिस्टीन तिथंच बायोफिल्म सैल करताना दिसलं आहे. बायोफिल्म म्हणजे कॅथेटरवर (शरीरात घातलेल्या नळीवर), कृत्रिम सांध्यावर जंतू धरतात तो बुळबुळीत थर. पाण्याच्या टाकीत बसतो तसाच, नुसतं पाणी ओतून न जाणारा. पण काचेच्या बशीत जंतू मारणारी मात्रा माणसाच्या रक्तात सोसवेल इतपत राहते का? खरी मेख तिथं आहे, आणि आपल्या बातमीत त्यावर एक ओळ नव्हती. गुडघा बदललेले आमचे शेजारी कात्रण घेऊनच आले, “मेडिकलमधून आणून ठेवू का?” म्हणत. त्यांना समजावण्यात माझी सकाळ गेली.

अशा चाचण्यांचा खर्च सरकारनं आयसीएमआर या आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत उचलावा, कारण दुसरं कोणी उचलणार नाही. आणि आपल्या वार्ताहरांनी एवढं तरी छापावं: प्रयोग बशीत झाला, उंदरावर की माणसावर.

– एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, चंद्रपूर