भाकरीची गोष्ट ऐकून घेतलीत, सर

सर,

'सर' म्हणू नकोस, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. नाही जमलं. नावानं हाक मारायला जीभच वळत नाही. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला मीच वाचून दाखवणार. तरी चारचौघांसमोर लिहावंसं वाटलं. परवा प्रबंध जमा केला आणि अजून गळा दाटून येतोय.

तुमच्याआधी अमेरिकेच्या धान्य-मदतीचा हाच विषय घेऊन गावाकडे दोन मार्गदर्शकांचे उंबरे झिजवले. एकांनी टिपण न उघडताच विचारलं, "परराष्ट्र धोरणात भाकरी कुठून आली?" दुसऱ्यांनी 'बघू' म्हणत वर्ष काढलं. असो.

तुमच्या वर्गात भाकरीपासूनच सुरुवात झाली. १९५४चा पीएल ४८० हा परदेशांना सवलतीत धान्य देणारा कायदा म्हणजे अमेरिकेच्या कोठारांत साठलेल्या धान्याची सोय, तसाच भुकेल्याला नुसतं द्यावं की आधी शेती सुधार म्हणावं, हा तिथला जुना वादही. १९६५-६६मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताचा गहू थोडा थोडा करून सोडत होते, त्यात हा वाद होता आणि भारतानं व्हिएतनाम युद्धावर केलेल्या टीकेचा रागही.

मी मसुद्यात बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलोही, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, त्याच कायद्याच्या नावावर लिहिली होती. तोवर ती सवलत थांबली होती, धान्य भारतानं विकत घेतलं होतं, ही चूक तुम्ही धरलीत. आता ती मिलो खाल्लेल्या माझ्या आजीचा परिच्छेदही जाणार, असं मी गृहीत धरलं. तुम्ही म्हणालात, "आजी आहे ना? फोन लाव."

आपल्याकडे अमेरिकेत रात्रीचे दहा, बीडला सकाळ. तासभर तुम्ही वही घेऊन बसलात. भाकरी थापताना तुटायची का, कशाशी खाल्ली, पोरं रडायची का. मग अडखळत म्हणालात, कॅन्ससला आमच्या शेतात हेच पीक यायचं, आम्ही ते गुरांना घालायचो. माझ्याच्यानं भाषांतर करवेना. केलं.

आजी हसली. "आमाला काय ठावं नव्हतं व्हय? पर गोड लागतंय का, आसं रेशनच्या लाइनीत कुनी इचारलं न्हाई. ह्यो बाबा इचारतोय. जेवलाय का त्यो?"

तुम्ही जेवला नव्हतात.

विद्वान पुष्कळ भेटले, सर. समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ देणारे फार थोडे. पद, पगार, पुस्तकांची संख्या, कशावरूनही ते ओळखता येत नाही.

आजीनं शाळूचं पीठ पाठवलंय. शनिवारी येते.

तुमची विद्यार्थिनी