गड्ड्याला येतोय, त्याआधी चिनूच्या झोपेबद्दल

प्रिय आई-बाबा, सा. न.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला येतोय, पण यावेळी हुतात्मा एक्सप्रेसने नको, ती रात्री पोचते आणि चिनूची झोपायची वेळ मोडते, म्हणून सकाळच्या गाडीने निघू.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात ना, एवढ्याशा लेकराला झोपेच्या गोळ्या कशाला, ते माझ्या मनातून जातच नाहीये. चिनूला देतो ते मेलाटोनिन, ती गुंगीची गोळी नाही हो. अंधार पडला की आपला मेंदू स्वतःच ते बनवतो, त्यातून शरीराला कळतं की झोपायची वेळ झाली, आणि आपल्या चिनूसारख्या ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं हेच घड्याळ नीट लागत नाही. लगेच सुरूही नाही केलं आम्ही. दिवाळीत आईने बघितलंय, रात्री दोनला उठून डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवत बसायचा, मी शेजारी भिंतीला टेकून. डॉक्टरांनी आधी पोट साफ होतं का, घोरतो का, झटके येतात का सगळं विचारलं, रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं, झोपेत पाय सारखे घासतो ते त्यामुळे असू शकतं म्हणाले आणि आयर्नचं सिरप दिलं. मग सवयी. त्याला झोप साडेअकराला यायची, तर आधी तेव्हाच आडवा करायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं, त्यात महिना गेला. तरी भागेना तेव्हा कमी डोसचं मेलाटोनिन, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२० च्या गाईडलाईनमध्येही हाच क्रम आहे, आधी सवयी मग औषध.

आता बहुतेक रात्री साडेनऊला झोपतो. अधूनमधून उठतो अजून, पण मी सलग पाच तास झोपते आई, किती वर्षांनी.

तिकडे फक्त आठनंतर हॉलमधला टीव्ही बंद ठेवा, तुमची सीरियल बुडेल, माफ करा. दूध, ब्रश, शू, पांघरूण असे चार फोटो भिंतीला लावीन, ते काढू नका. होम मैदानावरचं दारूकाम यंदा राहू दे, तो आवाज त्याला सोसत नाही. आणि बाबा, ते महागडं वजनदार ब्लँकेट मागवू नका, २०१४ मधल्या एका अभ्यासात त्याने झोप काही वाढली नाही, मुलांना आवडलं तेवढंच. त्यापेक्षा आपली कपाटातली जुनी मोराची चादर काढून ठेवा, तिची कड बोटांत धरून तो झोपतो. आई, धुताना वासाचा साबण नको.

तुमची,
ताई