तज्ज्ञांची सही म्हणजे मूल्यमापन नव्हे

महोदय,

शिक्षक समोर नसतानाही विद्यार्थ्याला आपल्या गतीने शिकता यावे, यासाठीच्या स्वयंअध्ययन संचांची सध्या चलती आहे. छपाई देखणी, क्यूआर कोड, व्हिडिओ, सगळे जागच्या जागी. पण संच पसंत कसा होतो? दोन-चार तज्ज्ञ तो चाळून मजकूर बरोबर असल्याची सही करतात, मुलांकडून ‘आवडला का?’ असा फॉर्म भरून घेतला जातो, की झाले!

मजकूर निर्दोष असूनही त्यातून एकट्याने शिकता येत नाही, असे सर्रास घडते. अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ + १/३ याचे उत्तर मुलाने २/५ लिहिले. उत्तरसूचीत ५/६ आहे. मूल खोडते, ५/६ लिहिते आणि पान उलटते. वर्गात बाईंनी विचारले असते, ‘अरे, २/५ तर १/२ पेक्षाही लहान. मिळवल्यावर कमी कसं झालं?’ हा प्रश्न संचातच छापलेला हवा. त्यासाठी मुले नेमकी कुठे घसरतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक पाहिजे, आणि ते समितीच्या बैठकीत कळत नाही.

कच्चा संच घेऊन एका मुलाशेजारी बसावे, ‘मोठ्याने बोलत सोडव’ म्हणावे आणि स्वतः तोंड उघडू नये. (शिक्षकांना हे फार जड जाते!) मूल जिथे अडेल, मागचे पान उलटेल, तिथे खूण करावी. दुरुस्ती करून मग लहान गटाला द्यावा. आकारिक (घडत असताना, सुधारण्यासाठी) आणि संकलित (शेवटी, निकालासाठी) मूल्यमापन हा भेद आपल्याला प्रगतिपुस्तकामुळे माहीत आहे; पण मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये तो मांडला, तो अभ्यासक्रमच तपासण्याच्या संदर्भात.

पूर्वचाचणीही टाळू नये. शेवटी तीसपैकी चोवीस मुलांना उदाहरण सुटले, तर आपण खूश होतो. त्यांतल्या वीस जणांना ते आधीच येत असेल, तर न येणाऱ्या दहांपैकी फक्त चौघे शिकले. शिवाय महिन्याभराने पुन्हा विचारल्यावर चौघांतले किती उरतात, हेही पाहावे.

संचाच्या पहिल्या पानावर समिती सदस्यांची नावे असतात. त्याखाली, हा संच किती मुलांकडून सोडवून घेतला आणि त्यानंतर त्यात काय बदलले, एवढे दोन ओळींत छापणे सक्तीचे करावे.

– एक गणित शिक्षिका