चैत्रात आळी, मृगात रोपे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या चैत्रात आमच्या तालुक्यातील एका जुन्या वाड्याच्या परसात बागकामाचा दिवस भरवण्यात आला होता. परीक्षा संपलेली मुले, निवृत्त शिक्षक आणि सुट्टीवर आलेले चाकरमानी अशी बरीच मंडळी सकाळपासून कुदळ-फावडे घेऊन राबली आणि दुपारच्या जेवणापूर्वी चाळीस रोपे लावून झाली. मीही त्यांत होतो. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मी मुद्दाम पुन्हा त्या परसात गेलो, तेव्हा त्यांतली सात रोपे जिवंत होती, आणि तीही न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटाजवळ लावली होती म्हणून.

आयोजकांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी मेहनतही पुष्कळ घेतली, म्हणून हे पत्र तक्रारीचे नाही. चुकला तो काळ. जेथे हिवाळ्यात जमीन गोठते तेथे वसंतात लागवड करणे योग्यच आहे. परंतु आपल्या किनारपट्टीवर वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, जांभ्याची माती तो फार काळ धरून ठेवत नाही, आणि फाल्गुन सरता सरता वरचा थर इतका कडक होतो की पहार मारली तर ठिणगी उडावी. अशा जमिनीत वीतभर रोप लावून त्याला झारीभर पाणी घालणे म्हणजे त्याला दोन महिन्यांच्या उपासाला बसवणे होय. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाडी-वस्त्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा विहिरीतले पाणी नव्या रोपांवर किती खर्चावे, हाही प्रश्न उरतोच.

मग चैत्रात बागकामाचा दिवस नकोच का? नक्की हवा, पण त्या दिवशीचे काम वेगळे असावे. जुन्या घराच्या परसात जी झाडे आधीपासून उभी आहेत त्यांचीच सेवा या ऋतूत करायची असते. नारळाचे आळे बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंत मोकळे करावे, त्यात शेणखत घालावे आणि वरून पातेऱ्याचा, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांचा, जाड थर द्यावा. एवढे केले तरी घातलेले पाणी उन्हात उडून न जाता मुळांशी टिकते. आपल्याकडे हा पातेरा झाडून एक तर भाजावळीला, म्हणजे पेरणीपूर्वी जमीन भाजायला, नेतात, नाही तर अंगणाच्या कोपऱ्यात पेटवून देतात. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, लागणारी भाजावळ एक वेळ समजू शकते, पण अंगण स्वच्छ दिसावे म्हणून पेटवलेला ढीग पाहिला की मला हळहळ वाटते, कारण बागेला लागणारे आच्छादन आपणच जाळून टाकतो आणि पुढे आठवडाभर पाणी कमी पडते म्हणून कुरकुरतो.

ऐतिहासिक घराच्या बाबतीत येथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. पातेरा जोत्याला, लाकडी खांबाला किंवा दाराच्या चौकटीला टेकता कामा नये. ओलसर पाल्यातून वाळवी चढली तर बाग राहील आणि घर जाईल. तसेच भिंतीच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप उत्साहाच्या भरात हाताने उपटू नये. वरून छाटले तर ते पुन्हा जोमाने फुटते, आणि ओढले तर मुळांबरोबर चिरेही सुटतात. हे काम जाणकारांवर सोपवावे. वास्तू राज्य संरक्षित असेल तर आवारात खणण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

मुलांना या दिवशी सर्वांत अधिक गोडी लागेल ती बियांची. चैत्र-वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात, फणस उतरतात, आणि सुरंगीचा बहर सरत आलेला असतो. रातांबा, फणस आणि आंबा यांचे बी वाळवून डब्यात भरून ठेवले तर ते उगवत नाही. ताजे असतानाच ते पिशवीत पेरावे लागते, ही साधी गोष्ट कितीतरी शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे बियांपासून केलेले झाड फळणार की नाही हे वर्षानुवर्षे कळत नाही, म्हणून फळांसाठी कलम बरे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या कोकमाच्या जाती दिल्या आहेत. मात्र जुन्या परसातले झाड जर शंभर वर्षांच्या घराबरोबर वाढलेले असेल, तर त्याच्याच बियांचे रोप तेथे असावे, असे माझे मत आहे. विलायती गवताचा गालिचा आणि रंगीत पानांच्या कुंड्या या घरांना शोभत नाहीत. बकुळ, सोनचाफा, अनंत, प्राजक्त, अबोली आणि तुळशीवृंदावन ही या परसांची खरी ओळख आहे.

रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी 1910 मध्ये बांधलेला राजवाडा आहे, तेथून काही अंतरावर लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे, आणि सावंतवाडीत मोती तलावाकाठी राजवाडा आहे. पर्यटक या वास्तू पाहतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. आवारातल्या झाडांशी गावातल्या लोकांचा हाताचा संबंध क्वचितच येतो. संबंधितांनी परवानगी दिली तर अशा ठिकाणी चैत्रातली एक सकाळ, सात ते दहा, ऊन चढण्याआधी, आळी करण्यासाठी, पातेरा पसरण्यासाठी आणि पिशव्यांत बी पेरण्यासाठी ठेवता येईल. ऐन हंगामात आंबा उतरवणाऱ्या गड्यांना बोलावण्यात अर्थ नाही, त्यांना झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, सोडून फुरसत नसते. पण मुले, गृहिणी आणि वयस्क मंडळी निश्चित येतील.

माझी विनंती इतकीच आहे की, या दिवसाचा दुसरा भाग त्याच वेळी जाहीर करावा. मृग लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याच मुलांना पुन्हा बोलवावे आणि चैत्रात पेरलेल्या पिशव्यांपैकी ज्यांत कोंब आला असेल त्या त्यांच्याच हातात द्याव्यात. खड्डे मात्र मोठ्यांनी आधीच खणून ठेवावेत.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी