चित्र राहू द्या, ओल काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या एका सरकारी इमारतीत जिन्याजवळ आपल्याच भागातल्या एका चित्रकाराचं मोठं अमूर्त, म्हणजे ओळखीची आकृती नसलेलं, तैलचित्र आहे. ‘त्यातलं काय कळत नाही, ते काढून पन्हाळ्याचं नाहीतर रंकाळ्याचं चित्र लावा’ अशी चर्चा हल्ली तिथं कामाला येणाऱ्यांत ऐकू येते. माझा फ्रेमिंगचा व्यवसाय आहे. चित्राची पुढची बाजू बघतो तेवढीच मागचीही बघतो, म्हणून हे पत्र.

कळत नाही म्हणणाऱ्यांवर राग नाही. कोल्हापूरची नजर घडली ती व्यक्तिचित्रावर आणि निसर्गचित्रावर. हुबेहूब चेहरा उतरला की आपण दाद देतो. पण आपल्या कोल्हापूरचेच जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं कधी नाक लावून बघा. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसतात, चार पावलं मागं सरकलं की त्यांचं तळं होतं. या चित्रात मागं सरकूनही तळं होत नाही, एवढाच फरक. अमूर्त चित्र म्हणजे परदेशी खूळ, असंही नाही. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी याच वाटेवर उभं आयुष्य घातलं आणि २०१५ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९ कोटींहून जास्त किंमत आली. (किंमत ऐकली की माना डोलतात, म्हणून सांगितली. एरवी तिचा इथं काही संबंध नाही.)

‘असलं तर आमचं पोरगंबी काढंल’ हे वाक्य मात्र पटत नाही. या चित्रात तळाला काळपट तांबडा आहे, त्यावर राखाडी थर सुरीनं ओढलाय आणि मधेच तो खरवडून खालचा तांबडा पुन्हा उघडा केलाय. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं. जाड थराला महिनोन् महिने लागतात. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हे गणित चुकलं की रंगाला तडे जातात. मधल्या भागात अजून एकही तडा नाही. पोराला एवढा धीर कुठला?

तडे आहेत ते खाली डाव्या कोपऱ्यात, आणि त्यात चित्रकाराची चूक नाही. ती भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि कॅनव्हास तिला चिकटूनच टांगलाय. दमट हवेत कॅनव्हास आणि लाकडी चौकट हलतात, कोरड्या हवेत पुन्हा आवळतात. वाळलेला रंग तेवढा हलत नाही, मग तो फुटतो. कोपऱ्यात बुरशीचे पांढरट ठिपके आलेत. त्यात कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्याच्या रेघा, आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीवर मीटिंगची नोटीस चिकटपट्टीनं लावलेली! नोटीस बोर्ड शेजारीच रिकामा आहे.

खर्च फार नाही. चित्र आतल्या कोरड्या भिंतीवर, उन्हाची तिरीप येणार नाही असं लावावं. फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीपासून बोटभर अंतर राहतं, हवा खेळते. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटकावी. बुरशी आणि तडे मात्र जाणकार संवर्धकालाच दाखवावेत. तिथं माझ्यासारख्यानंही हात घालू नये. आणि शेजारी पाटी हवी: चित्रकाराचं नाव, गाव, साल, माध्यम. अर्थ लिहायची गरज नाही. आज तिथं नावसुद्धा नाही, त्यामुळं आपल्या माणसाचं काम आपल्याच लोकांना बेवारस वाटतं.

एवढं करूनही कुणाला आवडलं नाही तर नको आवडू दे. पण भिंत बदलायचं काम संबंधितांनी मिरगाच्या आत उरकावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर