सूचना: मिलची फीड चुट तुंबू नये म्हणून

मिल हाऊसमधील सर्व सहकाऱ्यांना,

चुट (उसाचा माल मिलच्या रोलरमध्ये सोडणारी उभी पेटी) तुंबली की दोष लगेच ऑपरेटरच्या माथी बसतो. खरे कारण बहुधा वर किंवा खाली असते: ऊस ढिगाढिगाने येतो, नाहीतर रोलर गुळगुळीत होऊन बगॅस (रस काढलेले चिपाड) ओढत नाहीत. चुटमधली पातळी चढू लागली की आधी रोलरकडे बघा. इंबिबिशनचे पाणी (उरलेला रस निघावा म्हणून बगॅसवर सोडतो ते) नुकतेच वाढवले असेल तर थोडे कमी करा. फार ओला बगॅस घसरतो. रोलरच्या दातांवरचे वेल्डिंग झिजलेले दिसले तर लॉगबुकात लिहा.

डोनेली चुट (हीच उंच, उभी फीड चुट) खाली किंचित रुंद होत जाते, ती उगाच नाही; माल अडकू नये म्हणून. आत वाकलेला पत्रा किंवा वर आलेला बोल्ट असला तर त्या रुंदीचा उपयोग उरत नाही. साफसफाईच्या थांब्यात हे तपासाच. लेव्हल सेन्सरही पुसा. ओले चिपाड चिकटले की तो रिकामी चुटही भरलेली दाखवू शकतो.

आणि मिल चालू असताना सळई घालून चुट मोकळी करू नका. ड्राइव्ह बंद, आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप, त्यावर टॅग, मगच झाकण उघडा. वेळ जाईल, जाऊ द्या.