भुसावळच्या घराविषयी चि. माधुरीस

अमळनेर,
आखाजीनंतरचा चौथा दिवस

चि. सौ. माधुरी हिस अनेक आशीर्वाद.

आखाजीला तू आली नाहीस. आईने खापरावरचे मांडे केले, निंबाला झोका बांधला आणि दिवस मावळल्यावर तिनेच तो सोडून दोराची घडी करून ठेवली. मी काही बोललो नाही, कारण त्या दिवशी तुझे बोलणे पुरते न ऐकता फोन मीच ठेवला होता. ती माझी चूक झाली आणि ती कबूल करण्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे. भुसावळचे घर बँकेच्या लिलावात घेण्यासाठी तू जो फ्लॅट तारण ठेवणार आहेस, त्याविषयी यात काही लिहायचे नाही असे ठरवले आहे. फक्त घराविषयी लिहितो, कारण ते घर मी पाहून आलो.

शनिवारी सकाळच्या गाडीने भुसावळला गेलो. तू पाठवलेल्या जाहिरातीत सिटी सर्व्हे नंबर होता, त्यामुळे घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर एक म्हातारी माय कैरीच्या फोडी वाळत घालत होती. तिने मला पाणी दिले आणि ‘कोनाकडे आले भाऊ तुम्ही?’ असे विचारले. मी दुसऱ्याच कोणाचे तरी नाव सांगितले. ते खोटे बोलणे अजून मनातून जात नाही. घरात तिची सून आणि शाळकरी वयाची दोन मुले दिसली. त्या मायचा मुलगा घरी नव्हता. लिलावाची गोष्ट त्या मायला ठाऊक असावी असे तिच्या बोलण्यावरून वाटले नाही.

जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द आहेत. याचा अर्थ तुला माझ्याहून चांगला कळतो, तरी लिहितो. बँकेने दाराला नोटीस लावली आहे आणि ती वर्तमानपत्रात छापली आहे. माणसे मात्र घरातच आहेत. थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला स्वतः ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सन २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस झाली, १३(४) चा ताबा कागदावर झाला, पण प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. आदेशाला साठ दिवसांची मर्यादा कायद्यात आहे; आदेश निघाल्यानंतर तहसीलदार, पोलीस बंदोबस्त, परीक्षांचे दिवस, निवडणुका यांत किती महिने जातात ते मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय कर्जदाराला पंचेचाळीस दिवसांत कलम १७ खाली ऋणवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. तोवर तू पूर्ण रक्कम भरलेली असशील आणि कुलूप मात्र दुसऱ्याच्या हातात असेल.

रकमेचा हिशेब मी वहीत मांडला. राखीव किंमत अठ्ठावीस लाख. दोन लाख ऐंशी हजार अनामत तू भरलीच आहेस. बोली लागली तर त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, पंचवीस टक्के पुरे करण्यासाठी आणखी चार लाख वीस हजार. उरलेले एकवीस लाख पंधरा दिवसांत. बँक राजी झाली तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपुढे नाही. आणि रक्कम चुकली तर भरलेले पंचवीस टक्के बँक जप्त करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली अशा एका प्रकरणात ती जप्ती कायम ठेवली. ते एकवीस लाख तू फ्लॅट तारण ठेवून उभे करणार, सहा महिन्यांत घर दुरुस्त करून विकणार आणि कर्ज फेडणार. त्या सहा महिन्यांतला पहिला दिवस कोणता धरलास, माधुरी? बोलीचा, की चावी हातात येण्याचा?

लिहायचे नाही म्हणता म्हणता लिहून गेलो. पान फाडणार होतो, पण राहू देतो.

आपल्या दारावरचे कॅलेंडर तू कधी काढून पाहिले आहेस का, मला माहीत नाही. त्याच्यामागे वीतभर चौकोनात दाराचा हिरवा रंग गेलेला आहे. दगडूकाकांच्या जिनिंगच्या व्यवहाराला मी जामीन राहिलो होतो, तेव्हा पतसंस्थेच्या माणसाने तिथे नोटीस चिकटवली. तू दुसरीत होतीस. खळ इतकी घट्ट होती की पाण्याने कागद निघेना, म्हणून मी रात्री रॉकेलचा बोळा घेऊन बसलो, आणि कागदाबरोबर रंगही सुटून आला. सकाळी तू शाळेत जाताना ‘बापू, दार का खरवडलं?’ असे विचारलेस. आईच्या पाटल्या त्याच आठवड्यात गेल्या. घर राहिले, पण पुढची चार वर्षे दारावर कोणी थाप मारली की तुझी मोठी माय जपमाळ खाली ठेवायची. भुसावळच्या त्या ओट्यावर पाणी पिताना मला तीच दिसत होती. तुझे घर तारण ठेवलेले मला पाहवणार नाही ते यासाठी. तुझ्या हिशेबावर माझा विश्वास नाही म्हणून नव्हे.

विश्वास आहे, आणि तो मी तुला कधी बोलून दाखवला नाही. एरंडोलच्या घराच्या वेळी वकिलांनी मालकीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट स्वच्छ दिला असतानाही तू वारसांची नावे एकेक करून जुळवलीस, आणि धाकट्या बहिणीचे हक्कसोडपत्र नुसते नोटरी केलेले आहे, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले नाही, हे पकडलेस. स्थावरातला हक्क नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे तू त्या दलालाला ज्या शांतपणे सांगितलेस, ते जावईबापूंनी मला सांगितले तेव्हा मी ऑफिसातल्या जुन्या मंडळींना मुद्दाम फोन करून कळवले. तीस वर्षे मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर, मी नावे चढवली आणि कमी केली. माझ्या हाताखाली एवढ्या बारकाईने वाचणारा एकही माणूस आला नाही. कुलूपबंद घर दिसले की आधी मीटर पाहायचे, किराणा दुकानदाराला आणि पोस्टमनला विचारायचे, घरपट्टी कोणत्या सालापासून थकली ते नगरपालिकेत जाऊन बघायचे, ही तुझी पद्धत मला मनापासून आवडते. पडक्या घरांतून चांगली घरे उभी करण्याचा हा धंदा वाईट आहे असे मी कधीही म्हटलेले नाही.

आता घराचे. पश्चिमेकडच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग छतापर्यंत गेली आहे. मी तिच्यात रुपयाचे नाणे उभे धरले, ते अर्धे आत गेले. तो सगळा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर पाया वर-खाली होतो आणि भेग वैशाखात सर्वांत रुंद दिसते. दिवाळीला तीच भेग मिटल्यासारखी वाटते आणि त्या वेळी कोणी लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर घेणारा फसतो. खरी परीक्षा म्हणजे भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवून तिच्यावर तारीख टाकायची आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. काच तडकली तर पाया अजून हलतो आहे. लिलाव एवढा अवधी देत नाही. म्हणून बोलीचा आकडा ठरवताना पाया हलतो आहे असेच धरून खर्च मांड. जोत्याच्या वर हातभर लोणा, म्हणजे ओलीने येणारा खार, चढला आहे आणि प्लास्टरवर बोटाने वाजवले तर पोकळ आवाज येतो. मागची न्हाणी बोळात अंदाजे तीन फूट पुढे आली आहे. मी पावलांनी मोजले, पत्रिकेवरच्या क्षेत्रात ती बसत नाही. जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे’ लिहिलेले असते, तेव्हा ती न्हाणीही तुझ्याच गळ्यात पडणार.

वीज मीटर काढून नेलेले आहे. शेजारच्या घरातून वायर ओढलेली दिसली. जुनी थकबाकी नवीन जोडणीच्या वेळी नव्या मालकाकडून मागता येते असा २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तेव्हा ग्राहक क्रमांक मिळवून तो आकडा आधी काढ. मिळकत पत्रिकेवरचा सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, मी पाहिला, त्यात अडचण नाही. बोजा एकाच बँकेचा आहे, तरी सरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय, नोंदवहीत शोध घेतल्याशिवाय राहू नकोस.

पुन्हा साहेबासारखे लिहिले. तुला हे सगळे येते. क्षमा कर.

माझ्या मनात एक आहे. त्या कर्जदाराला तू स्वतः जाऊन भेट, जावईबापूंना बरोबर घेऊन, आणि त्याला जाण्यासाठी काय हवे ते विचार. पुष्कळदा माणसाला दुसरीकडच्या भाड्याची अनामत आणि मुलांची शाळा संपेपर्यंतची मुदत एवढेच हवे असते, आणि ते लेखी ठरले तर कलम १४ ची वेळच येत नाही. माझी ठेव श्रावणात सुटते, त्यातले त्या कामासाठी लागतील तेवढे तुझे समज. तो भेटायलाच तयार नसेल, तर अनामत परत घे आणि हे घर सोड. बोली लावली नाही तर ती परत मिळते.

लिलाव गुरुवारी आहे. मी मंगळवारी दुपारच्या गाडीने जळगावला येतो. येताना तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या यादीच्या) नकला आणि आईने केलेल्या बिबड्या आणीन. चि. ओवीला झोक्याचा दोर हवा होता, तोही पिशवीत भरला आहे. फ्लॅटचा मूळ करार कपाटात वरच्या कप्प्यात आहे असे तू म्हणाली होतीस. निदान मंगळवारपर्यंत तो तिथेच राहू दे.

तुझे,
बापू